जगज्जेत्याचा दुसरा डाव

१९०५ साली ‘मॅथेमाटिशे अनालेन’ या प्रतिष्ठित जर्मन गणित-नियतकालिकाच्या साठाव्या खंडात सुमारे शंभर पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बहुपदींच्या समूहांची अंतर्गत रचना हा त्याचा विषय होता. लेखक कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. त्याचे नाव मात्र युरोप-अमेरिकेतील वृत्तपत्रवाचकांच्या चांगलेच परिचयाचे होते. एमानुएल लास्कर हे तेव्हा बुद्धिबळाचे जगज्जेते होते आणि ते पद त्यांच्याकडे अकरा वर्षांपासून होते.

पुढे आणखी सोळा वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. १८९४ ते १९२१ अशा २७ वर्षांच्या या कारकिर्दीचा विक्रम आजतागायत अबाधित आहे. बुद्धिबळाच्या रसिकांना लास्कर ठाऊक असतात ते या विक्रमामुळे. गणिताच्या अभ्यासकांना ते ठाऊक असतात ते वर सांगितलेल्या निबंधातील एका प्रमेयामुळे. या दोन वर्गांची एकमेकांशी फारशी गाठभेट होत नसल्याने एकाच माणसाची दोन चरित्रे स्वतंत्रपणे सांगितली जातात. प्रत्यक्षात ती दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एक वगळून दुसरे नीट समजतच नाही.

लास्कर यांचा जन्म २४ डिसेंबर १८६८ रोजी प्रशियातील बर्लिनखेन या लहानशा गावी झाला. आज हे गाव बार्लिनेक या नावाने पोलंडमध्ये आहे. वडील तेथील ज्यू प्रार्थनामंदिरात गायक होते. घरची स्थिती बेताचीच. मुलाची आकडेमोडीतील गती पाहून अकराव्या वर्षी त्याला बर्लिनला पाठवण्यात आले. तेथे थोरला भाऊ बेर्टोल्ड वैद्यकीय शिक्षण घेत होता. धाकट्या भावाची देखभाल आणि स्वतःचे शिक्षण या दोहोंचा खर्च भागवण्यासाठी बेर्टोल्ड कॉफीगृहांत पैसे लावून बुद्धिबळ खेळत असे. त्यानेच एमानुएलला हा खेळ शिकवला. आईवडिलांना हे समजताच त्यांनी मुलाची शाळा बदलण्याचा आग्रह धरला. पण नव्या शाळेनेही फार फरक पडला नाही. पटाची गोडी लागली ती लागलीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लास्कर यांच्या आयुष्यात बुद्धिबळ आले ते छंद म्हणून नव्हे, तर पोटापाण्याचे साधन म्हणून. गणिताचा विद्यार्थी म्हणून बर्लिन, गटिंगन आणि हायडेलबर्ग येथे शिकत असतानाही गाठीशी पैसे नसले की ते पटाकडे वळत. १८८९ मध्ये बर्लिनच्या कैसरहोफ कॉफीगृहातील स्पर्धा त्यांनी सर्वच्या सर्व २० डाव जिंकून खिशात घातली. त्याच वर्षी ब्रेस्लाऊ येथील स्पर्धेने त्यांना मास्टरचा दर्जा दिला आणि अ‍ॅमस्टरडॅम येथे बाउअर यांच्याविरुद्ध त्यांनी दोन्ही उंटांचा बळी देऊन जिंकलेला डाव तर आजही पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्यांनी १३ पैकी १३ गुण मिळवले. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी गणितावर व्याख्यानेही दिली. नोकरी मात्र मिळाली नाही.

१८९४ मध्ये पंचवीस वर्षांच्या या तरुणाने विल्हेल्म स्टाइनिट्झ यांना आव्हान दिले. स्टाइनिट्झ तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, पहिले अधिकृत जगज्जेते आणि आधुनिक बुद्धिबळाचे प्रवर्तक. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि मॉन्ट्रियल अशा तीन शहरांत झालेल्या सामन्यात लास्कर यांनी १० डाव जिंकले, ५ गमावले आणि ४ बरोबरीत सोडवले. जाणकारांना हा निकाल रुचला नाही. म्हाताऱ्याला हरवण्यात काय पुरुषार्थ, असाच सूर होता. १८९६-९७ मध्ये मॉस्को येथे झालेल्या परतीच्या सामन्यात लास्कर यांनी १० विजय, २ पराभव असा एकतर्फी निकाल लावून त्या टीकेची धार बोथट केली. स्टाइनिट्झ यांचे १९०० साली न्यूयॉर्कमध्ये अत्यंत हलाखीत निधन झाले. जगज्जेत्याचा असा शेवट लास्कर यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. सामना खेळण्यासाठी ते पुढे भरमसाट मानधन मागत, यजमानांशी घासाघीस करीत, यावरून त्यांच्यावर लोभीपणाचा आरोप झाला. स्टाइनिट्झ यांची अखेर ठाऊक असणाऱ्याला त्या आरोपात फारसे तथ्य वाटणार नाही.

जगज्जेतेपद हाती असताना लास्कर यांनी पुन्हा गणिताकडे मोर्चा वळवला. १८९५ मध्ये ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकात अनेक मितींच्या भूमितीवरील त्यांची टिपणे आली होती. १९०० मध्ये त्यांनी एर्लांगेन विद्यापीठातून अनंत श्रेणींवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली. लंडनच्या रॉयल सोसायटीने तो प्रबंध पुढच्या वर्षी छापला. एर्लांगेन येथे माक्स नोएथर हे नामांकित प्राध्यापक होते. बैजिक वक्रांविषयीचे त्यांचे एक मूलभूत प्रमेय लास्कर यांच्या पुढील कामाचा पाया ठरले. योगायोग असा की, त्याच १९०० साली त्याच विद्यापीठात माक्स नोएथर यांची अठरा वर्षांची कन्या एमी वर्गात बसून व्याख्याने ऐकू लागली होती. मुलींना तेथे रीतसर प्रवेश नव्हता. प्रत्येक प्राध्यापकाची परवानगी घेऊन श्रोता म्हणून बसावे लागे. ही एमी नोएथर पुढे या कथेत पुन्हा येणार आहे.

डॉक्टरेटनंतर लास्कर यांनी मँचेस्टर येथे काही काळ अध्यापन केले. पुढे अमेरिकेत राहून ‘लास्कर्स चेस मॅगझिन’ हे मासिक चालवले. स्थिर अध्यापकीय पद काही त्यांच्या वाट्याला आले नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यू विद्वानाला जर्मन विद्यापीठात अध्यासन मिळणे त्या काळी दुरापास्त होते, हे एक कारण. दर दोन-तीन वर्षांनी पटाकडे परतणाऱ्या माणसावर कोणते विद्यापीठ विसंबणार, हे दुसरे. १९०५ चा निबंध लिहिला गेला तो या अशा अधांतरी अवस्थेत.

त्या निबंधात नेमके काय होते? शाळेत आपण सर्वांनीच संख्येचे मूळ अवयव पाडले आहेत. ३६० म्हणजे ८ गुणिले ९ गुणिले ५. म्हणजेच २, ३ आणि ५ या मूळ संख्यांच्या घातांचा गुणाकार. कोणीही, कोणत्याही वाटेने अवयव पाडले तरी अखेर हेच घटक हाती येतात. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट कुमर यांना असे आढळले की संख्यांचे क्षेत्र थोडे विस्तारले की हा भरवशाचा नियम कोलमडतो. त्यावर रिचर्ड डेडेकिंड यांनी उपाय काढला. एकट्यादुकट्या संख्येऐवजी त्यांनी संख्यांचे असे समूह घेतले की ज्यांतील कोणत्याही दोहोंची बेरीज समूहातच राहते आणि त्यांतील घटकाला बाहेरच्या कशानेही गुणले तरी गुणाकार समूहाबाहेर जात नाही. अशा समूहाला गणितात आयडियल म्हणतात. २ च्या सर्व पटींचा समूह हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. डेडेकिंड यांच्या क्षेत्रात आयडियलांचे मूळ अवयव पुन्हा एकाच प्रकारे पडू लागले.

लास्कर यांनी हाच प्रश्न बहुपदींच्या बाबतीत विचारला आणि येथे अडचण अधिक बिकट होती. बहुपदींचे आयडियल म्हणजे एका अर्थी एकाच वेळी मांडलेली अनेक समीकरणे. त्यांची उत्तरे बिंदू, रेषा, वक्र, पृष्ठे अशा आकृत्या तयार करतात. क्ष गुणिले य बरोबर शून्य हे समीकरण घ्या. त्याचे उत्तर म्हणजे आलेखाचे दोन अक्ष. आकृती दोन रेषांची बनली आहे आणि आयडियलही दोन सुट्या आयडियलांचा छेद आहे. पण क्षचा वर्ग शून्य आणि क्ष गुणिले य हेही शून्य, अशी दोन समीकरणे घेतली तर डोळ्यांना एकच उभी रेषा दिसते. आयडियल मात्र त्याहून अधिक काही सांगत असते. आरंभबिंदूपाशी एक दडलेला घटक त्या रेषेवर स्वार होऊन बसलेला असतो. आकृतीत तो दिसत नाही, समीकरणांतून हुडकावा लागतो.

लास्कर यांनी सिद्ध केले की बहुपदींचे कोणतेही आयडियल घेतले तरी ते मोजक्याच ‘प्रायमरी’ आयडियलांचा छेद म्हणून मांडता येते. संख्यांच्या जगात ८ किंवा ९ या मूळ संख्यांच्या घातांचे जे स्थान, साधारण तेच येथे प्रायमरी आयडियलांचे. समीकरणे कितीही गुंतागुंतीची असोत, त्यांचे तुकडे मर्यादित संख्येचेच निघतील याची ही हमी होती. मात्र या हमीला एक मेख आहे. मुख्य घटक कोणते, हे ठरलेले असते. दडलेले घटक मात्र अनेक प्रकारे निवडता येतात. वरच्याच उदाहरणात आरंभबिंदूवरच्या घटकासाठी अगणित पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्याय तितकाच ग्राह्य आहे. ही मेख पुढच्या पिढ्यांना बराच काळ कामाला लावणारी ठरली.

या प्रमेयाचा पहिला मोठा वाचक लाभला तो लंडनमधील एक शाळामास्तर. सेंट पॉल्स स्कूलमध्ये शिकवणारे फ्रान्सिस मॅकॉले यांनी १९१६ पर्यंत लास्कर यांच्या विचारांना नवी धार दिली. एक व्यावसायिक खेळाडू, एक शाळाशिक्षक आणि लवकरच एक अशी स्त्री जिला विद्यापीठ पगार द्यायला तयार नव्हते. गणिताच्या या शाखेचा पाया घालणारे बहुतेक जण विद्यापीठांच्या उंबरठ्याबाहेरचे होते, हे नमूद करावेसे वाटते.

इकडे पटावरची घोडदौड चालूच होती. १९०७ मध्ये फ्रँक मार्शल यांचा, १९०८ मध्ये झीगबेर्ट टाराश यांचा त्यांनी दणदणीत पराभव केला. १९१० मध्ये कार्ल श्लेश्टर यांच्याविरुद्धच्या दहा डावांच्या सामन्यात लास्कर अखेरच्या डावापर्यंत एका गुणाने मागे होते. तो डाव जिंकून त्यांनी ५-५ अशी बरोबरी साधली आणि पद राखले. १९११ मध्ये त्यांनी मार्था कोन या विधवा लेखिकेशी विवाह केला. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत तरुण कापाब्लांका आघाडीवर असताना लास्कर यांनी त्याला निर्णायक डावात नमवले आणि अर्ध्या गुणाने पहिला क्रमांक मिळवला. मग महायुद्ध आले. जर्मनीच्या विजयावर गाढ विश्वास असलेल्या लास्कर यांनी आपली शिल्लक युद्धरोख्यांत गुंतवली. युद्ध संपले तेव्हा त्या रोख्यांची किंमत कागदापुरतीच उरली होती. आयुष्यभर पैशाच्या बाबतीत सावध राहिलेला हा माणूस नेमका एकदाच बेसावध राहिला आणि तेवढ्याने त्याची सारी पुंजी गेली.

१९२१ साल लास्कर यांच्या चरित्रात दुहेरी अर्थाने महत्त्वाचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये हवाना येथे कापाब्लांका यांच्याशी सामना झाला. वय ५२, उष्ण हवामान आणि समोर वीस वर्षांनी लहान प्रतिस्पर्धी. चौदा डावांत लास्कर यांना एकही विजय मिळाला नाही. चार पराभव आणि दहा बरोबऱ्या झाल्यावर त्यांनी सामना सोडला. सत्तावीस वर्षांचे राज्य संपले. सामन्यासाठी त्यांना ११ हजार डॉलर मिळाले आणि ते पैसे त्या घडीला किती निकडीचे होते हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी ‘मॅथेमाटिशे अनालेन’मध्येच एमी नोएथर यांचा आयडियलांवरील विख्यात निबंध प्रसिद्ध झाला. एर्लांगेनच्या वर्गात परवानगीने बसणारी ती मुलगी आता गटिंगनला होती. तिचा स्वतःचा १९०७ चा प्रबंध अपरिवर्तनीय राशींवर होता. एका विशिष्ट प्रकारच्या बहुपदीसाठी तिने अशा ३३१ राशी हाताने गणित करून काढल्या होत्या आणि पुढे या कष्टाळू आकडेमोडीविषयी तिचेच मत फारसे चांगले राहिले नव्हते. गटिंगनमध्ये काही वर्षे तिची व्याख्याने डाव्हिड हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर करावी लागत, कारण स्त्रीला अध्यापनाचा अधिकार द्यायला विद्यापीठ राजी नव्हते. तो अधिकार १९१९ मध्ये मिळाला.

नोएथर यांनी लास्कर यांच्या प्रमेयाचा गाभा ओळखला. लास्कर यांची सिद्धता बहुपदींच्या खास गुणधर्मांवर आणि दीर्घ गणितावर उभी होती. नोएथर यांनी दाखवून दिले की त्या साऱ्याची गरज नाही. आयडियलांची एकापेक्षा एक मोठी होत जाणारी साखळी कुठेतरी थांबते, एवढी एकच अट पुरेशी आहे. ही अट जेथे जेथे पाळली जाते तेथे तेथे लास्कर यांची विभागणी आपोआप मिळते. शंभर पानांचे काम काही पानांत आले आणि त्याची व्याप्ती कितीतरी पटींनी वाढली. तेव्हापासून ते लास्कर-नोएथर प्रमेय म्हणून ओळखले जाते. १९२६ मध्ये नोएथर यांची विद्यार्थिनी ग्रेटे हेरमान हिने ही विभागणी मर्यादित पायऱ्यांत प्रत्यक्ष करून दाखवण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. आज संगणकावर हेच काम करणाऱ्या एका प्रणालीला मॅकॉले यांचे नाव दिलेले आहे.

आता त्या मेखेकडे पुन्हा वळू. समजा, आकृतीला काही सममिती आहे. क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी दोन अक्षांची जोडी जशीच्या तशी राहते. पण तिचे दोन घटक राहतात का? नाही; उभी रेषा आडवी होते आणि आडवी उभी. अखंड आकृती अपरिवर्तित, तुकडे मात्र जागा बदलतात. म्हणजे सममितीचा मान राखायचा असेल तर या दोन रेषा सुट्या करता येणार नाहीत. जोडी हाच एक अविभाज्य घटक मानावा लागेल. याउलट क्षला दुप्पट, यला तिप्पट करण्यासारखी सलग बदलत जाणारी क्रिया घेतली तर रेषा जागच्या हलत नाहीत. एवढेच नव्हे, उभ्या रेषेवरील दडलेल्या घटकाच्या अगणित पर्यायांपैकी बहुतेक पर्याय या क्रियेने विसकटतात आणि विशिष्ट प्रकारचेच टिकतात. ज्या निवडीला काही आधार नव्हता तिला सममितीने आधार दिला.

क्रिया केवळ सममितीचीच असते असे नाही. विकलन हीसुद्धा बहुपदींवरील एक क्रियाच. सममिती आणि विकलन यांत फरक एवढाच की गुणाकारावर त्या वेगवेगळ्या रीतीने चालतात. अदलाबदल करायची तर दोन्ही अवयवांत एकदमच करावी लागते. विकलन मात्र आधी एका अवयवाचे, मग दुसऱ्याचे, आणि शेवटी बेरीज, या अकरावी-बारावीत शिकलेल्या नियमाने चालते. क्रिया गुणाकारावर कशी वाटली जाते याचा हिशेब जी रचना ठेवते तिला हॉप्फ बीजगणित म्हणतात. त्यामुळे सममिती आणि विकलन ही दोन दूरची वाटणारी कुळे एकाच छपराखाली येतात. हे नाव हाइन्झ हॉप्फ यांच्यावरून पडले. मूळचे ब्रेस्लाऊचे हॉप्फ १९२६ च्या सुमारास गटिंगनमध्ये नोएथर यांच्या सहवासात होते. आकृत्यांतील छिद्रांची केवळ मोजदाद न करता त्यांची बैजिक रचना पाहावी, हा नोएथर यांचा आग्रह त्यांच्या कामी आला. पुढे झुरिच येथे प्राध्यापक असताना त्यांनी लिहिलेल्या निबंधातून या रचनेची कल्पना रुजली.

मग लास्कर यांचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. क्रमनिरपेक्ष बीजगणितावर हॉप्फ बीजगणिताची क्रिया चालू आहे आणि एक आयडियल त्या क्रियेने विचलित होत नाही. तर त्याचे घटकही अविचल राहतील अशी विभागणी करता येईल का? नोएथर यांची साखळीची युक्ती येथेही निम्मे काम करते. केवळ अविचल आयडियलांचाच विचार केला तर त्यांच्या साखळ्याही थांबतात, म्हणून आणखी फोडता न येणाऱ्या अविचल घटकांत विभागणी नेहमीच होते. खरा पेच पुढे आहे. ते अविचल घटक लास्कर यांच्या अर्थाने प्रायमरीही असतील काय? दोन अक्षांच्या जोडीने दाखवले की नेहमी नाही. विकलनाच्या बाबतीत अब्राहम सायडेनबर्ग यांनी १९६७ मध्ये दिलासा देणारे उत्तर दिले. नेहमीच्या संख्यांवर काम करीत असू तर अविचल आयडियलाचे मूळ घटकही विकलनाने अविचल राहतात. मात्र घड्याळाच्या अंकगणितासारख्या, जेथे ३ म्हणजेच शून्य अशा व्यवस्थेत हे फसते. तेथे क्षच्या घनाचे विकलन शून्य येते, त्यामुळे त्याचे आयडियल अविचल. त्याच्या पोटातील क्षचे विकलन मात्र १ येते, म्हणजे मूळ घटक हातचा निसटतो. यावरचा उतारा म्हणजे १९३७ मध्ये हेल्मुट हासे आणि एफ. के. श्मिट यांनी मांडलेली उच्च कोटीची विकलने. त्यांच्या कसोटीवर घनाचे ते आयडियल मुळात अविचल ठरतच नाही आणि पेच सुटतो. हॉप्फ बीजगणिताच्या भाषेत हे सारे एकत्र मांडता येते आणि कोणत्या क्रिया घटकांचा मान राखतात, कोणत्या राखत नाहीत, हा अभ्यासाचा विषय होतो.

लास्कर यांनी या वाटेने पुढे पाऊल टाकले नाही. १९२१ नंतर त्यांनी गणिताकडे नव्हे तर पुन्हा पटाकडेच धाव घेतली, कारण पोट तेथेच भरत होते. आणि आश्चर्य म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी, १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत, २० पैकी १६ गुण मिळवून त्यांनी कापाब्लांका आणि अलेखिन या दोघांनाही मागे टाकले. १९२५ मध्ये मॉस्कोत ते दुसरे आले. त्यानंतर त्यांनी स्पर्धांतून जवळजवळ निवृत्तीच घेतली. बुद्धिबळाचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक लिहिले, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ लिहिले, भावाबरोबर एक नाटक लिहिले, पत्त्यांत ब्रिजमध्ये प्रावीण्य मिळवले. बर्लिनजवळ घेतलेल्या शेतघरात कबुतरे पाळून त्यांची पैदास करण्याचाही उद्योग केला. बराच काळ अंडी का होईनात याचा उलगडा, जोडी नरांचीच निघाल्यावर झाला, असे सांगतात.

बर्लिनमध्ये अल्बर्ट आइनस्टाइन यांच्याशी त्यांची मैत्री जमली. दोघे फिरायला जात आणि वाद घालत. निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग अचल आहे हे लास्कर यांना पटत नसे. लास्कर यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या चरित्राला आइनस्टाइन यांनी प्रस्तावना लिहिली आणि या समर्थ बुद्धीला बुद्धिबळाने जखडून ठेवले अशा आशयाची खंत व्यक्त केली. आइनस्टाइन यांचा अधिकार मोठा, तरी ही खंत अर्धीच खरी वाटते. पेटंट कचेरीतल्या नोकरीने आइनस्टाइन यांना जे दिले तेच पटाने लास्कर यांना दिले होते : दोन वेळचे जेवण आणि विचार करायला मोकळा वेळ. बुद्धिबळ नसते तर १९०५ चा निबंध झाला असता की नाही, याची शंकाच आहे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. गटिंगनमधून एमी नोएथर यांना काढून टाकण्यात आले. त्या अमेरिकेत गेल्या आणि १४ एप्रिल १९३५ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर वारल्या. लास्कर दांपत्यालाही घरदार मागे टाकून जर्मनी सोडावी लागली. मालमत्ता जप्त झाली. इंग्लंडमध्ये काही काळ काढल्यावर सोव्हिएत रशियाने त्यांना आसरा दिला. १९३५ च्या मॉस्को स्पर्धेत ६६ वर्षांचे लास्कर तिसरे आले. बोटविनिक आणि फ्लोर यांच्यापेक्षा ते अवघ्या अर्ध्या गुणाने मागे होते आणि कापाब्लांका यांच्या पुढे. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या गणित संस्थेत त्यांना स्थान मिळाले. जे पद तिशीत हवे होते ते हाती आले तेव्हा सत्तरी जवळ आली होती.

तेही फार काळ टिकले नाही. त्यांना रशियात आणण्यात पुढाकार घेणारे निकोलाय क्रिलेन्को यांच्याभोवती स्टालिनी दहशतीचा फास आवळत गेला. १९३७ मध्ये लास्कर दांपत्य अमेरिकेला निघून गेले आणि १९३८ मध्ये क्रिलेन्को यांना अटक झाली. न्यूयॉर्कमध्ये लास्कर यांनी प्रदर्शनीय डाव खेळून आणि व्याख्याने देऊन उदरनिर्वाह केला. ११ जानेवारी १९४१ रोजी माउंट सायनाय रुग्णालयात त्यांचे निधन झाले. स्टाइनिट्झ यांच्याप्रमाणे तेही न्यूयॉर्कमध्येच गेले आणि हाती पैसा त्यांच्याही फारसा नव्हता. मार्था पुढच्याच वर्षी गेल्या.

त्याच १९४१ साली प्रिन्स्टनहून निघणाऱ्या ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये हाइन्झ हॉप्फ यांचा तो निबंध छापून आला. ज्या बीजगणितांत प्रत्येक आयडियलाची अशी विभागणी होते त्यांना गणिताच्या पुस्तकांत ‘लास्करियन’ असे विशेषण लावले जाते.